कमला सोहोनींनी वालात जे शोधलं, ते कढी-फुणक्यांत कुठे जातं

१९५५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मुंबईहून गेलेलं एक छोटं टिपण छापून आलं. वाल आणि डबल बी या दोन दाण्यांतून ट्रिप्सिन या पाचक विकराला (एन्झाइमला) रोखणारी प्रथिनं स्फटिकरूपात वेगळी काढल्याचं त्यात सांगितलं होतं. ते लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होत्या डॉ. कमला सोहोनी. त्यांच्याबद्दल वाचायला गेलं की एकच प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येतो. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत) सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, आणि या मुलीनं हट्टानं तो मिळवला. प्रसंग खरा आहे, महत्त्वाचाही आहे. पण त्या दारातून आत गेल्यावर त्यांनी काय केलं ते सांगायचं राहून जातं, आणि जे केलं ते थेट आपल्या डाळीच्या पातेल्यापर्यंत येतं. म्हणून हा लेख त्यांच्या कामाबद्दल, खानदेशातल्या चुलीजवळ बसून.

आयुष्याचा धागा आधी थोडक्यात. इंदूरचं भागवत घराणं. वडील आणि काका दोघेही टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले रसायनतज्ज्ञ. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली बी.एस्सी., मग बंगळूर. तिथे पहिलं वर्ष अटींवर काढायचं होतं. श्रीनिवासय्या नावाचे कडक पण न्यायी मार्गदर्शक लाभले, आणि काम सुरू झालं ते दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर. पुढे केंब्रिज. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा, आणि रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम. बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी हा श्वसनसाखळीतला दुवा वनस्पतीच्या पेशीतही असतो हे त्यांनी दाखवलं. १९३९ साली पीएचडी झाली. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा. विज्ञानातली पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं ते यावरून.

केंब्रिजमध्येच राहून सायटोक्रोमवर आणखी दहा निबंध लिहिता आले असते. त्या परत आल्या. आधी दिल्लीचं लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरी, आणि १९४७ साली लग्न होऊन मुंबईला आल्यावर रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. मुंबईत त्यांनी जे विषय निवडले ते पाहण्यासारखे आहेत: कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा, ताडगूळ. गरिबाच्या ताटात जे येतं तेच त्यांच्या टेबलावर आलं. ही निवड मला सायटोक्रोमच्या शोधाइतकीच मोठी वाटते.

आता त्या वालाकडे वळू.

आपण खाल्लेलं प्रथिन जठरात थोडं तुटतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाच्या रसात येऊन पडतं. त्या रसातलं मुख्य विकर म्हणजे ट्रिप्सिन. प्रथिनाच्या साखळीत जिथे लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल असेल तिथे ते कापतं. शिवाय रसातल्या बाकीच्या विकरांना जागं करण्याचं कामही तेच करतं, त्यामुळे ट्रिप्सिन अडलं की मागचं सगळं अडतं. कडधान्याच्या दाण्यातला रोधक, म्हणजे ट्रिप्सिनला रोखणारं ते प्रथिन, नेमका इथे घाव घालतो. त्याचा एक फाटा ट्रिप्सिनच्या कापायच्या खाचेत घट्ट बसतो. ट्रिप्सिन तो कापायला जातं, पण तुकडे सुटत नाहीत आणि विकरही सुटत नाही.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. आतड्यात मोकळं ट्रिप्सिन कमी झालं की स्वादुपिंडाला आणखी रस सोडायचा संदेश जातो. कच्च्या सोयाबीनवर वाढवलेल्या उंदरांचं आणि कोंबड्यांचं स्वादुपिंड सुजल्यासारखं मोठं होतं ते यामुळे. हा जादा रस गंधकयुक्त अमिनो आम्लांनी भरलेला असतो आणि तो वाया जातो. कडधान्यांत मेथिओनिन हे गंधकयुक्त आम्ल मुळातच कमी. म्हणजे जी वस्तू घरात अपुरी, तीच बाहेर फेकली जाते. सोयाबीन शिजवल्याशिवाय उंदरांची वाढ नीट होत नाही हे ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ सालीच दाखवलं होतं. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो प्रश्न आपल्या बाजारातल्या भाज्या, डाळी आणि रताळी यांना एकेक करून विचारला. परदेशी सोयाबीनचे आकडे उचलून वालाला लावले नाहीत, वाल स्वतः तपासला.

दाण्यात हे प्रथिन असतं कशाला, याचं उत्तर तुरीच्या शेतात मिळतं. घाटेअळीच्या आतड्यातही ट्रिप्सिनसारखीच विकरं असतात. दाण्यातला रोधक हा त्या अळीसाठी आहे, आपण मध्येच आलो. १९७२ साली ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की किड्यानं टोमॅटोचं वा बटाट्याचं पान कुरतडलं की झाड काही तासांत रोधक बनवू लागतं, आणि न कुरतडलेल्या पानांतही. मग तुरीत रोधक असून घाटेअळी घाटे फस्त कशी करते? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालं आहे. ही अळी हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो सगळं खाते, आणि समोर ज्या पिकाचा रोधक येईल त्याला न जुमानणारी विकरं आतड्यात वाढवते. आपल्याकडे ती सोय नाही. आपल्याकडे पाणी आणि विस्तव आहे.

रोधकांची दोन घराणी आहेत. कुनिट्झ प्रकारचा मोठा, सुमारे २० हजार रेणुभाराचा, दोनच गंधकी पूल (प्रथिनाची घडी बांधून ठेवणारे गंधकाचे जोड) असलेला. उष्णतेनं लवकर मोडतो. बोमन-बर्क प्रकारचा लहान, सुमारे ८ हजारांचा, सात गंधकी पुलांनी आवळलेला. तो शुद्ध स्वरूपात उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. तूर, हरभरा, उडीद, मूग, वाल यांत मुख्यतः हा दुसरा. पण दाण्यात किंवा पिठात तो एकटा नसतो. ओल्या उष्णतेत आजूबाजूच्या प्रथिनांच्या संगतीत त्याचे पूल विस्कटतात, आणि शुद्ध रोधकापेक्षा तो लवकर निकामी होतो. यातून स्वयंपाकाचे तीन नियम निघतात. उष्णता ओली हवी, कोरड्या भाजण्यात काम अर्धवट होतं. दाणा आधी भिजलेला हवा, म्हणजे पाणी मध्यापर्यंत पोहोचतं. आणि शिजेपर्यंत आंबट नको, कारण आम्लात हा रोधक जास्त टिकतो.

हे नियम हातात धरून फुणके, म्हणजे कढीबरोबर खायचे डाळीचे वाफवलेले मुटके, पाहा. दोन वाट्या तुरीची डाळ चार-पाच तास भिजवायची. ते पाणी ओतून द्यायचं, कारण रोधकाचा थोडा भाग त्यात उतरलेला असतो. मग लसूण, हिरव्या मिरच्या, जिरं आणि मीठ घालून पाणी न घालता जाडसर वाटायचं, कोथिंबीर मिसळायची, दोन बोटं जाडीचे लांबट मुटके वळायचे आणि चाळणीत ठेवून पंधरा ते वीस मिनिटं वाफवायचे. डाळ गंधासारखी बारीक वाटली तर मुटका घट्ट बसतो, वाफ आत शिरत नाही, वरून शिजलेला दिसतो आणि मधे कच्चा राहतो. जाडसर वाटणात कणांमधून वाफ फिरते. सुरी मध्यापर्यंत घालून कोरडी बाहेर आली तरच उतरवायचे. भिजवणं, पाणी टाकणं, ओली वाफ आणि आंबट कढी शेवटी वेगळी, असे चारही टप्पे रोधकाच्या विरोधात आहेत. कुणी घाईत वाटलेल्या डाळीचे गोळे सरळ उकळत्या कढीत सोडतात. त्या गोळ्यांना आम्लातच शिजावं लागतं. चव वेगळी येते हे मान्य, पण मी आधी वाफवण्याच्या बाजूनं आहे. निदान गोळे सुपारीएवढे लहान ठेवावेत आणि कढी जास्त वेळ उकळू द्यावी.

वरण-बट्टीच्या वरणालाही हेच. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ पूर्ण गळल्यावरच. आम्लानं दाण्याच्या भिंतीतलं, पेशी एकमेकींना चिकटवून धरणारं पेक्टिन विरघळत नाही, म्हणजे डाळ कडकही राहते आणि रोधकही टिकतो, दुहेरी तोटा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. तेही पेक्टिनला धरून ठेवतात, म्हणून तासभर उकळूनही डाळ दाताखाली लागते. उपाय म्हणून चिमूटभर सोडा टाकतात. सोड्यानं डाळ गळते, रोधकही लवकर मोडतो, पण थायमिन हे जीवनसत्त्वही मोडतं. त्यापेक्षा शिजवायला पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्यावं, आणि कुकर लावावा. कुकरात आतलं तापमान सुमारे १२० अंशांवर जातं, आणि भिजवलेल्या डाळीला तिथली पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

राजमा आणि डबल बी यांची बाब अधिक गंभीर आहे. राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन अर्धवट शिजलं तर काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि ८० अंशांखाली मंद शिजवलं तर त्रास कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. किमान पाच तास भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात खळखळून उकळा आणि उकळी अर्धा तास तरी टिकवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट राजमा टाकू नका.

कळण्याची भाकरी हा यातला सर्वांत बारकाईचा पदार्थ. ज्वारी, त्यातही दादर हा वाण, आणि सालासकट उडीद, साधारण तीनास एक किंवा चारास एक, एकत्र दळलेले. ही जोडी पोषणाच्या हिशेबानं उत्तम आहे: ज्वारीत लायसिन कमी, उडदात भरपूर; उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल मात्र प्रमाणाबाहेर असतं. निव्वळ ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या मजुरांतल्या पेलाग्रा या जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाचा संबंध पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी १९६० साली या ल्युसिनशी जोडला. त्यांची हैदराबादची संस्था म्हणजे कुन्नूरहून १९५८ साली हललेली तीच न्यूट्रिशन लॅबोरेटरी, जिथे कमलाबाईंनी काम केलं होतं.

पण इथे उडीद भिजलेला नसतो, पिठातून थेट तव्यावर येतो. मग रोधकाचं काय? उत्तर भाकरीच्या तंत्रात आहे. पीठ चांगलं मळून पाणी मुरू दिलेलं असतं, तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात, आणि मग विस्तवावर ती फुगते. फुगणं म्हणजे आत वाफ भरणं. तेवढा वेळ भाकरीचा गाभा उकळबिंदूजवळ ओल्या उष्णतेत असतो. न फुगलेली, जाड, चिकट गाभ्याची कळण्याची भाकरी पोटाला जड पडते, आणि त्याचं एक कारण अर्धवट शिजलेला उडीद हे आहे. प्रमाण दोनास एक केलं की पीठ चिकट होतं, थापताना जाड राहते, फुगत नाही. म्हणून उडीद वाढवायचा मोह टाळावा.

लहान बाळांसाठी डाळ-तांदूळ भाजून जी पूड करतात, तिच्याबद्दल एक सूचना. भाजलेली पूड गरम पाण्यात कालवून देणं पुरेसं नाही. भाजण्यानं वास येतो, रोधक पुरता जात नाही. ती पूड पाण्यात घालून दहा-बारा मिनिटं शिजवावी. मोड आणल्यानंही रोधक कमी होतो, नाहीसा होत नाही. मोडाची मटकी किंवा मूग वाफवून खाल्लेले बरे.

नवापूर पट्ट्यातल्या पोल्ट्रीसाठी हाच प्रश्न सोयापेंडीच्या रूपात येतो. रोधक मोजणं खर्चिक, म्हणून पेंडीत युरिएज हे युरिया तोडणारं विकर मोजतात, कारण दोन्ही उष्णतेनं जवळपास सारख्याच वेगानं मरतात. ०.२ ग्रॅम पेंड १० मिली युरिया-फॉस्फेट द्रावणात ३० अंशांवर ३० मिनिटं ठेवून पीएच किती चढतो ते पाहायचं. ०.०५ ते ०.२० ची वाढ चालते. त्याहून जास्त म्हणजे पेंड कच्ची. शून्य म्हणजे करपलेली असण्याचा धोका, त्यात लायसिन गेलेलं असतं.

आता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांसाठी. कमलाबाईंचा विषय कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येतो. बॅपना (ट्रिप्सिननं तुटलं की पिवळा रंग देणारं रसायन) वापरून करायची १९७४ ची काकडे यांची पद्धत आजही धरली जाते. दाणे १०० मेशच्या चाळणीतून जातील इतके बारीक करा, तेल काढून घ्या. १ ग्रॅम पीठ ५० मिली ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तीन तास सावकाश ढवळा. पीएच ८.४ ते १० मध्ये राहिला पाहिजे. ४ मिग्रॅ. ट्रिप्सिन २०० मिली ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात. ४० मिग्रॅ. बॅपना आधी १ मिली डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड) पूर्ण विरघळवा, मग ३७ अंशांवर तापवलेल्या ट्रिस बफरनं (०.०५ मोलर, पीएच ८.२, ०.०२ मोलर कॅल्शियम क्लोराइडसह) १०० मिली करा. नळ्यांत अर्क ०, ०.६, १.०, १.४, १.८ मिली घेऊन पाण्यानं २ मिली करा, त्यात २ मिली ट्रिप्सिन, मग ५ मिली बॅपना. ३७ अंशांवर बरोबर १० मिनिटं. १ मिली ३० टक्के ॲसेटिक आम्लानं थांबवा, ४१० नॅनोमीटरवर वाचा.

बिघडतं कुठे? बॅपना थंड बफरमध्ये टाकलं की गढूळ होतं आणि सगळे आकडे खोटे येतात. ट्रिप्सिन बफरमध्ये करून ठेवलं तर ते स्वतःलाच पचवतं. आम्लात आणि थंडीतच ठेवा. अर्क इतका पातळ करा की १ मिलीनं ४० ते ६० टक्के रोध व्हावा. ९० टक्क्यांवर गेलात तर रेष सपाट होते आणि वाल-तूर सारखेच दिसतात. आणि सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो उकळलेल्या अर्काचा. गाळलेला अर्क अर्धा तास उकळूनही रोध टिकतो, आणि मुलं समजतात की प्रयोग फसला. फसलेला नाही. तो बोमन-बर्कचा स्वभाव आहे. तुलना करायची तर दाणे शिजवून, वाळवून, मग अर्क काढा.

स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर जुनी एक्स-रे फिल्म चालते. औरंगाबादच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ साली ही युक्ती रोधक ओळखण्यासाठी वापरली. फिल्मवरचा थर जिलेटिनचा म्हणजे प्रथिनाचाच. ट्रिप्सिनचा थेंब ठेवला की तो खाल्ला जातो आणि पारदर्शक डाग पडतो, अर्क मिसळलेल्या थेंबाखाली थर शाबूत राहतो. थेंब १० ते २० मायक्रोलिटर, वेळ पंधरा-वीस मिनिटं, मग कोमट पाण्याची हलकी धार. हल्लीच्या डिजिटल प्रिंटच्या फिल्मवर जिलेटिनचा तसा थर नसतो, तिच्यावर काहीच दिसणार नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ कडे गेला की जिलेटिन नुसत्या उष्णतेनं सैल होतं, म्हणून प्रयोग सकाळी करा आणि शेजारी साध्या पाण्याचा थेंब ठेवायला विसरू नका.

कमलाबाईंचं नीरेवरचं काम राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून सुरू झालं, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर प्रकृती सुधारते असं त्यात दिसलं. तंत्राची एकच गोष्ट इथे नोंदवतो: मडक्याला आतून चुना लावला नाही तर यीस्ट आणि जिवाणू काही तासांत साखरेची दारू करतात. चुना कमी पडला तर ताडी होते, जास्त झाला तर गूळ काळपट आणि खारट उतरतो.

उतारवयात त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियामध्ये काम करत होत्या. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी उभी केलेली ही संस्था; १९८२-८३ मध्ये कमलाबाई तिच्या अध्यक्ष होत्या, आणि ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीत. केंब्रिजच्या पीएचडीनं डाळीतल्या भेसळीवर लिहावं यात मला त्यांच्या कामाचा सरळ पुढचा टप्पा दिसतो. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) दिल्लीत त्यांचा सत्कार केला, आणि त्यानंतर लगेचच त्या गेल्या.

शेवेच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी भेसळीची एक परीक्षा शिकून घ्यावी, मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या पिवळ्या रंगाची. चमचाभर बेसन किंवा डाळ काचेच्या नळीत घ्या, ५ मिली पाणी घालून हलवा, वरचं पाणी दुसऱ्या नळीत ओता, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब. गुलाबी-जांभळा रंग आला तर शंका घ्या. तयार शेवेवर हीच परीक्षा करताना हळद आड येते, कारण हळदही तीव्र आम्लात लालसर होते. मग त्याच नळीत भरपूर पाणी घाला: हळदीचा रंग ओसरतो, मेटॅनिल यलोचा टिकतो. आम्ल काचेच्याच ड्रॉपरनं घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला, नळीचं तोंड स्वतःपासून दूर ठेवा. रंग टिकला तर उरलेला माल पाकिटासकट आणि बिलासकट जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात न्यावा. घरच्या नळीतला गुलाबी रंग पुरावा म्हणून चालत नाही, त्यांनी घेतलेला नमुना चालतो.